‘थांब’ ऐकू न येणाऱ्या पेशी

(वडनेर भोलजी येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलो, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना बाराखडी गिरवायला लावली. त्यांना शेवटी कोणता आजार झाला होता, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे; मोठ्यानं मात्र कोणी बोललं नाही. आज बोलायचं, असं मी ठरवलं तेव्हा आधी त्यांच्या लेकीला विचारलं. ती म्हणाली, “सांगा ताई, पण आईचं नाव छापू नका.” म्हणून छापील व्याख्यानातही त्या नुसत्या ‘बाई’च राहतील. तसंही गाव त्यांना बाईच म्हणायचं.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि बाईंच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. उष्णता झाली असेल म्हणून त्या धण्याचं पाणी पीत राहिल्या. आठ महिने. दवाखाना लांब होता म्हणून नव्हे. हमरस्त्यावरचं गाव आहे आपलं, एसटी दारासमोरून जाते. सांगायचं कोणाला, आणि काय शब्दांत, हा प्रश्न होता. शाळेत पोरांना शरीराची आकृती काढून दाखवणाऱ्या बाईला स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला शब्द सापडला नाही.

म्हणून पहिल्यांदा शब्दच घेऊ. आपण सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो. हा पिशवीचा नाही, पिशवीच्या तोंडाचा आहे. गर्भाशयमुखाचा. हा फरक मी मुद्दाम ठासून सांगते, कारण पिशवी आत दडलेली असते, तोंड मात्र बघता येतं. सिस्टरला साध्या उजेडात दिसतं. जे डोळ्यांना दिसतं त्याच्यामुळे आपल्या बाया मराव्यात, हे मला सोसत नाही, आणि माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी हीच न सोसणारी गोष्ट आहे.

माझं काम काचेच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये चालतं. तुम्हाला ते अवघड वाटू नये, कारण टिश्यू कल्चर हा शब्द मलकापूर-नांदुऱ्याकडच्या केळीवाल्यांना माझ्याइतकाच माहीत आहे. जी-नाईनची रोपं तुम्ही आणता ती कंदापासून नाही, बाटलीतून आलेली असतात. रोपाचा बारीकसा तुकडा जेलीवर ठेवतात, जेलीत साखर असते, क्षार असतात, आणि अगदी थोडी संप्रेरकं. एका प्रकारचं संप्रेरक जास्त घातलं की कोंब फुटतात, दुसऱ्या प्रकारचं जास्त घातलं की मुळं धरतात. तुकडा तोच, खाणं तेच. फक्त आत काय निरोप गेला त्यावर तो काय करेल ते ठरतं. माणसाच्या पेशीचं असंच आहे. तिला नुसतं खायला दिलं म्हणून ती वाढत नाही. ‘वाढ’ असा निरोप बाहेरून यावा लागतो. हा निरोप आणणारी जी बारीक प्रथिनं असतात त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. मी त्यांना वाढीचे निरोपे म्हणते.

माणसाची पेशी ताटलीत जगवणं फार काळ कोणालाच जमत नव्हतं. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय नावाचे संशोधक वर्षानुवर्षं त्यामागे होते. कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, गाईच्या गर्भाचा अर्क, बाळंतिणीच्या नाळेतल्या रक्ताचं सीरम असं स्वतः जमवून ते पेशींना खाऊ घालत, नळ्या सावकाश फिरत्या ठेवत, आणि पेशी तरी मरत. १९५१ च्या सुरुवातीला तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली एक काळी बाई, हेन्रिएटा लॅक्स, त्या रुग्णालयात आली. तिला बाईंना झाला तोच आजार होता. उपचाराच्या वेळी तिच्या गर्भाशयमुखाचा छोटा तुकडा काढून गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. तिला कोणी विचारलं नाही. त्या पेशी मेल्या नाहीत; रोज दुप्पट होऊ लागल्या. ऑक्टोबरच्या ४ तारखेला हेन्रिएटा वारली, वय ३१. तिच्या पेशी आजही वाढतात, जगभर, हेला या नावानं. तिच्या घरच्यांना हे वीसेक वर्षांनी कळलं, आणि तिच्या वारसांना त्या पेशींतून नफा कमावणाऱ्या एका कंपनीशी तडजोड होऊन काही न्याय मिळाला तो २०२३ साली.

आता यात महाराष्ट्राचा संबंध काय? त्याच जॉर्ज गायांच्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई पेशी वाढवायला शिकून आली. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. लग्न होऊन मुंबईला गेल्यावर त्यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, मग बाल्टिमोरला गेल्या. परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये स्त्री-वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. पण मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की उतारवयात त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी आणि झोपडीतलं मूल यांच्यामध्ये त्यांनी भिंत मानली नाही. मी पेशी हातात धरायला ज्यांच्याकडून शिकले, त्यांनी ते कमलताईंच्या परंपरेतल्याच कोणाकोणाकडून शिकलं होतं. म्हणजे हेन्रिएटापासून माझ्यापर्यंत हा धागा तीन-चार हातांचाच आहे, आणि तो तुमच्या गावापर्यंत आणून पोचवणं माझ्याकडे लागतं.

चला, प्रयोगशाळेत येऊ.

हेला पेशी आम्ही पुण्याहून मागवतो. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे गोठवलेल्या पेशींचं भांडार आहे. सिहा नावाच्या पेशीही तिथे मिळतात. त्याही गर्भाशयमुखाच्या, जपानमधल्या एका बाईच्या. त्या गुलाबी पाण्यात ठेवायच्या. त्या पाण्यात साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि नेमकं तोलून घातलेलं मीठ असतं. मीठ कमी झालं तर पेशी फुगून फुटते, जास्त झालं तर सुकते. खारपाणपट्ट्यातल्या माणसांना हे मी काय सांगावं! पेशी ठेवायच्या पेटीत ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी जोरात वाढल्या की पाणी गुलाबीचं पिवळं होतं, आई पातेल्यात डोकावून दूध फाटलं की नाही ते सांगते तसं आम्ही रंगावरून त्यांची खबर घेतो.

त्या पाण्यात आणखी एक गोष्ट घालावी लागते, वासराच्या रक्ताचं सीरम, साधारण दहा टक्के. हे सीरम नसलं तर बाकी सगळं असूनही पेशी वाढत नाहीत. का, हे कळायला वेळ लागला. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. आणि न गोठलेल्या रक्तातून पेशी गाळून काढल्या की उरतो तो प्लाझ्मा. १९७४ मध्ये असं दिसलं की सीरमनं पेशी वाढतात, प्लाझ्मानं तेवढ्या वाढत नाहीत. फरक कुठे? गोठताना रक्तातल्या बिंबिका फुटतात आणि त्यांच्यातला निरोप्या बाहेर पडतो. विळ्यानं बोट कापलं, रक्त गोठलं, की त्याच क्षणी भोवतालच्या पेशींना हाक जाते: इथे जागा झाली आहे, वाढा, भरून काढा. जखम भरली की हाक थांबते. कर्करोग म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, भरल्यावरही न थांबणारी जखम.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेला निरोप्या ईजीएफ. स्टॅनली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथींत सापडला. नवजात उंदराच्या पिलांना त्या ग्रंथींचा अर्क टोचला तर पिलांचे डोळे जवळपास आठवडाभर आधी उघडायचे. पापण्यांची त्वचा लवकर पिकायची, एवढंच. त्या लवकर उघडलेल्या डोळ्यांवरून त्यांनी हे प्रथिन वेगळं काढलं, आणि १९८६ मध्ये त्यांना रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आमचा प्रयोग असा. पेशींना आधी एक दिवस सीरमशिवाय ठेवायचं, उपाशी. मग काही खणांत नुसतं पाणी, काहींत ईजीएफ घातलेलं. किती घालायचं? एका मिलिलिटरला दहा नॅनोग्रॅम. एक ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. याच हिशेबानं एक ग्रॅम ईजीएफ एक लाख लिटर पाण्याला पुरेल. दहा हजार लिटरचे दहा टँकर रांगेनं उभे करा, आणि त्यांत चिमूटभर पूड. एवढ्याशा निरोपानं पेशी जागी होते. दोन दिवसांनी एक पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जितकं गडद जांभळं तितक्या जास्त जिवंत पेशी.

दुसरा प्रयोग मला अधिक आवडतो. ताटलीत पेशींची चटई एकसंध पसरली की बारीक नळीच्या टोकानं मधोमध एक रेघ ओढायची. औतानं तास पडावा तशी. मग दर काही तासांनी फोटो काढायचे. ईजीएफ घातलेल्या ताटलीत काठावरच्या पेशी लांबट होतात, शेजारणीचा धरलेला हात सोडतात, आणि मोकळ्या जागेत सरकतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. कर्करोग शरीरात पसरतो हे मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. त्या रात्री तो सरकताना पाहिला. आणि मला बाई आठवल्या, कारण त्यांच्याही आत, धण्याचं पाणी पिण्याच्या त्या आठ महिन्यांत, हेच चाललं होतं.

मात्र जास्त निरोप म्हणजे जास्त वाढ, असा सरळ हिशेब नाही. जननेंद्रियाच्या बाहेरच्या भागातल्या कर्करोगाच्या ए-४३१ नावाच्या पेशी आहेत. त्यांच्या अंगावर ईजीएफ झेलणारे ग्राहक इतर पेशींपेक्षा कितीतरी जास्त. त्यांना भरपूर ईजीएफ दिलं की त्या वाढायच्या सोडून मंदावतात. वाफसा असला तर पीक उठतं, आणि तेच पाणी जास्त झालं, रान चिबडलं, की कपाशी पिवळी पडते. म्हणून कोणी सांगायला लागलं की अमुक प्रथिन म्हणजे कर्करोगाचं कारण, तर विचारा: किती, कोणत्या पेशीला, कधी?

निरोप पोचतो कसा? पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक असतात, दारावरच्या कडीसारखे. ईजीएफ येऊन बसलं की दोन ग्राहक एकमेकांना भिडतात आणि आतल्या बाजूनं निरोप एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो. शेवटी तो आरबी नावाच्या पहारेकऱ्याकडे पोचतो. आरबीनं वाढीची जनुकं दाबून धरलेली असतात. निरोप आला की तो बाजूला होतो आणि पेशी दुभंगायच्या तयारीला लागते. काम झालं की बाहेरचा ग्राहक आत ओढून मोडून टाकला जातो, म्हणजे तीच हाक पुन्हा पुन्हा वाजत राहू नये. आणि ‘थांब’ सांगणारे निरोपेही आहेत. टीजीएफ-बीटा हा त्यातला मोठा. गर्भाशयमुखाच्या निरोगी पेशी त्याचं निमूट ऐकतात.

या चोख व्यवस्थेत एक विषाणू शिरतो. एचपीव्ही. बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होतो आणि बहुतेकींचा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. तो होण्यात बाईचा काही दोष नाही, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगते. हा आजार ऐकून ज्या घरात बाईकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं, त्या घरातल्या पुरुषांनी हे नीट ऐकावं: विषाणू दोघांच्या संबंधातून येतो, आणि पुष्कळदा नवऱ्याकडून.

काहींच्यात तो राहून जातो. मग त्याची तीन प्रथिनं कामाला लागतात. ई-५ हे मोडायला निघालेल्या ग्राहकाला परत दारावर आणून लावतं, म्हणजे एकच हाक पुन्हा पुन्हा वाजते. ई-७ थेट आरबी पहारेकऱ्यालाच धरतं. आता निरोपाची गरजच उरत नाही. आणि ई-६ हे पी-५३ नावाच्या, बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या रखवालदाराला संपवतं. हळूहळू पेशी टीजीएफ-बीटालाही दाद देईनाशा होतात. ‘वाढ’ ऐकू येतं, ‘थांब’ ऐकू येत नाही. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार या कर्करोगात शोधून काढले. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हेन्रिएटाच्या पेशींत १८ क्रमांकाचा विषाणू आहे, सिहात १६ क्रमांकाचा. आणि हेला पेशींत ई-६ आणि ई-७ बंद पाडली, तर सत्तर वर्षं न थकलेल्या त्या पेशी थकतात, म्हाताऱ्या होतात, दुभंगणं सोडतात. पहारेकरी मेलेला नव्हता, बांधून ठेवलेला होता. एवढी एक गोष्ट कळायला माझ्या आधीच्या लोकांनी हयात घातली.

मग निरोप्याची वाट अडवली तर? ताटलीत ईजीएफचा ग्राहक बंद करणारी औषधं वाढ थोपवतात. रुग्णांमध्ये मात्र या आजारात त्यांनी फार काही केलं नाही. एक दार बंद केलं की पेशी दुसऱ्या दारानं निरोप घेते, आणि पहारेकरीच बांधलेला असेल तर दाराचं काय? रक्तवाहिन्या बोलावणारा व्हीईजीएफ नावाचा निरोप्या आहे. त्याला अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबनं २०१४ च्या अभ्यासात फार पुढे गेलेल्या आजारात सरासरी आयुष्य सुमारे १३ महिन्यांवरून १७ वर नेलं. चार महिने. ज्या घरात लेकीचं लग्न ठरलेलं असतं तिथे चार महिने म्हणजे काय, ते मी कमी लेखणार नाही. पण तेवढ्यावर समाधान मानायलाही मी तयार नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या किरणोपचारापेक्षा सोबत सिस्प्लॅटिन दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. ५४! म्हणजे उत्तम ठिकाणी, उत्तम उपचार मिळूनही जवळपास निम्म्या गेल्या. बाई त्याच टप्प्यात होत्या.

म्हणून मी ताटलीकडून पुन्हा गावाकडे येते. पेशीला बहिरी व्हायला दहा, पंधरा, कधी वीस वर्षं लागतात. तोवर तिच्यात जे बदल होतात ते दिसतात. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं टाटा आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास केला. ज्वारी-तुरीच्या गावांतल्या, आपल्यासारख्याच बाया. एकदाच, फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी ज्या गटाला दिली, त्यात आठ वर्षांत या आजारानं ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला नेहमीचीच सेवा होती, त्यात ६४. मृत्यू जवळपास निम्म्यावर. २००९ मध्ये हे जगासमोर आलं आणि जगभरच्या तपासणीची दिशा बदलली. तपासणी न मिळालेल्या गटावरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी कोणाच्या तरी आया होत्या. मला विचाराल तर हेन्रिएटाला न विचारता घेतलेला तुकडा आणि या ६४ जणी एकाच वहीत लिहिलेलं देणं आहे. त्यांच्यामुळे जे कळलं ते प्रत्येक गावात पोचवूनच ते फिटेल.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर प्रयोगशाळाही लागली नाही. दहावी-बारावी शिकलेल्या ताईंना शिकवून पातळ ॲसिटिक आम्लानं, म्हणजे तुमच्या भाषेत शिरक्यानं, दर दोन वर्षांनी तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कापसाचा बोळा बुडवून तोंडाला लावायचा, मिनिटभर थांबायचं. ज्या पेशी बहिऱ्या होऊ लागल्या आहेत तिथे पांढरा डाग उठतो. दुखत नाही, भूल नाही. लाजेचं विचाराल, तर बाळंतपणात जितकी वाटली असेल त्याच्या पावपट. तीस ते पासष्ट वयाच्या बाईसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा. होत नाही म्हणाले तर ती का होत नाही ते विचारा, आणि एकट्या नका जाऊ, दहा जणी जा. मुलींसाठी लस आहे. पुण्यात तयार झालेल्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वयात, संसर्गाच्या आधी. दोन मुली असतील तर दोघींना.

देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायांना हा आजार होतो. मी आकड्यांत वाढलेली बाई आहे, पण हा आकडा मला बाईंच्या घराच्या ओसरीवर बसूनच समजला. त्यांनी शेवटच्या दिवसांत मला विचारलं होतं, “तुझ्या त्या पेशी बघता येतात का गं?” तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आज आहे. बाहेर ओट्यावर टेबल मांडलंय, त्यावर सूक्ष्मदर्शक आहे. काचेवर हेला पेशी आहेत, रंगवून स्थिर केलेल्या. त्यांच्यापासून कोणाला काही होत नाही. निळे गोल दिसतील ते पेशीचं केंद्र. डाव्या बाजूला एक पेशी मधोमध दुभंगताना सापडेल, तीच बघा. आधी वयानं मोठ्या बाया, मग मुली, मग बाकीचे. काच हलवू नका. नीट दिसलं नाही तर उजवीकडची बारीक चकती हळू फिरवा. मी शेजारीच उभी आहे, विचारायचं असेल ते तिथेच, हळू आवाजात विचारलं तरी चालेल.